विंडोजचे जुने सॉफ्टवेअर लिनक्सवर: वाइन बसवण्यापासून बॅकअपपर्यंत

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला मिळणारा नियमित आधार थांबवला आणि घरांतले, छपाईच्या दुकानांतले, शाळांच्या कार्यालयांतले चांगले चालणारे कितीतरी संगणक एकाएकी जुने ठरले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीच्या संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांपैकी एखादी लिनक्सची कार्यप्रणाली बसवली, तर ब्राउझर, ईमेल, पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, छपाई ही कामे विनासायास होतात. अडते ते बहुधा एकाच ठिकाणी. कोणाचे वीस वर्षांपूर्वी विकत घेतलेले मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर असते, कोणाचा बिले करण्याचा प्रोग्रॅम असतो, कोणाची वजनकाट्याशी बोलणारी छोटी खिडकी असते. आणि ते सगळे केवळ विंडोजसाठी लिहिलेले असते. त्या एका सॉफ्टवेअरसाठी चालता संगणक भंगारात जाऊ नये, असे मला मनापासून वाटते, म्हणून हा लेख.

लिनक्सवर विंडोजचे सॉफ्टवेअर चालवण्याचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे वाइन. त्याच्या वाटेने जाताना मी एक नियम कधीही मोडत नाही: प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र घर द्यायचे आणि त्या घरात काय काय बदल केले ते लिहून ठेवायचे. पुढच्या बहुतेक पायऱ्या या नियमातूनच निघाल्या आहेत.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, लहान व मोठ्या अक्षरांत फरक असतो, हे ध्यानात ठेवावे. जिथे शक्य आहे तिथे मी टर्मिनलऐवजी खिडक्यांतून जाणारा मार्ग दिला आहे.

वाइन नेमके काय करते

वाइन या नावाचा विस्तार ‘वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर’, म्हणजे ‘वाइन हे दुसऱ्या संगणकाची नक्कल करणारे साधन नव्हे’, असा केला जातो. प्रकल्प 1993 साली सुरू झाला. सुरुवात बॉब अॅमस्टॅट यांनी केली आणि लवकरच त्याची सूत्रे अलेक्झांडर जुलियार्ड यांच्याकडे आली. पहिली पूर्ण आवृत्ती, म्हणजे 1.0, जून 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या पंधरा वर्षांच्या या मेहनतीची कल्पना यावी, म्हणून वाइनचे काम कसे चालते ते थोडक्यात समजून घेणे उपयोगी आहे. पुढे एखादी अडचण आली की ती कुठे शोधायची हे त्यावरूनच कळते.

विंडोजची ईएक्सई फाइल आणि लिनक्सची चालणारी फाइल यांतल्या सूचना एकाच प्रोसेसरसाठी असतात. फरक दोन गोष्टींत आहे: फाइलची बांधणी वेगळी असते आणि सॉफ्टवेअर ज्या सेवा मागते त्या वेगळ्या असतात. खिडकी उघड, फाइल वाच, अक्षर काढ, प्रिंटरकडे पाठव, अशा मागण्या विंडोजचे सॉफ्टवेअर विंडोजच्या डीएलएल फाइलींकडे, म्हणजे अशा सेवा पुरवणाऱ्या तयार संचांकडे, करते. वाइनने या डीएलएल नव्याने, स्वतंत्रपणे लिहिल्या आहेत. सॉफ्टवेअरची मागणी वाइन स्वीकारते, ती लिनक्सच्या भाषेत लावते आणि उत्तर विंडोजच्या पद्धतीने परत देते. संपूर्ण विंडोज आत चालवण्याचा भार नसल्यामुळे जुन्या संगणकावरही वेग चांगला मिळतो, आणि वाइनसाठी विंडोजचा परवाना लागत नाही. जे सॉफ्टवेअर चालवणार त्याचा परवाना मात्र तुमच्याकडे असलाच पाहिजे.

यातून दोन मर्यादा निघतात. सॉफ्टवेअरने मागितलेली सेवा वाइनमध्ये अजून लिहिलेली नसेल, तर ते सॉफ्टवेअर अडते. आणि सॉफ्टवेअरला विंडोजच्या गाभ्यात बसणारा स्वतःचा ड्रायव्हर हवा असेल, तर वाइन जवळजवळ नेहमीच असमर्थ ठरते, कारण त्या गाभ्याच्या जागी इथे लिनक्स आहे. तिसरी गोष्ट प्रोसेसरची: रास्पबेरी पायसारख्या एआरएम प्रोसेसरच्या संगणकावर इंटेलसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर केवळ वाइनने चालणार नाही, तिथे सूचनांचे भाषांतर करणारा वेगळा थर जोडावा लागतो. या लेखात मी नेहमीचा 64 बिटचा इंटेल किंवा एएमडी संगणक गृहीत धरला आहे.

जुने विंडोज पुसण्यापूर्वी

सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावर झालेले मी पाहिले आहे. छपाईच्या व्यवसायातल्या एका परिचितांनी उत्साहाने डिस्क पुसून लिनक्स बसवले आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आले की त्यांच्या टंकलेखन सॉफ्टवेअरची मूळ सीडीच घरात नाही. म्हणून विंडोज अजून चालू असतानाच एक वही घ्यावी आणि रोजच्या कामात लागणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी पाच गोष्टी लिहाव्यात: नेमकी आवृत्ती, सेटअप फाइल किंवा सीडी कुठे आहे, परवान्याचा क्रमांक, माहिती कोणत्या फोल्डरमध्ये साठते, आणि त्याला यूएसबीचे डाँगल (परवाना तपासणारे छोटे कुलूप), वजनकाटा, बारकोड यंत्र असे काही जोडलेले आहे का.

यादी झाली की प्रत्येक नावासमोर प्रामाणिकपणे विचार करावा, की याला वाइनची गरज खरोखर आहे का. पुष्कळ सॉफ्टवेअरची लिनक्ससाठीची आवृत्ती थेट मिळते, आणि ती मिळत असताना विंडोजची आवृत्ती वाइनमध्ये चालवणे हा निव्वळ त्रास आहे. डॉसच्या काळातला, काळ्या पडद्यावर चालणारा फॉक्सप्रोचा हिशेब असेल, तर त्यासाठी डॉसबॉक्स हे वेगळे आणि अधिक योग्य साधन आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या किंवा अडोबीच्या अगदी ताज्या, खाते उघडून चालणाऱ्या आवृत्त्या वाइनमध्ये चालतील या भरवशावर निर्णय घेऊ नये. जुन्या, एकदाच विकत घेतलेल्या आवृत्त्यांची शक्यता बरीच चांगली असते.

उरलेल्या नावांसाठी वाइनच्या संकेतस्थळावरील अॅपडीबी ही सॉफ्टवेअरची सूची पाहावी. तिथे वापरणाऱ्यांनी प्रत्येक सॉफ्टवेअरला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा गार्बेज अशी श्रेणी दिलेली असते. श्रेणीपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: ती नोंद सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीची आहे आणि वाइनच्या कोणत्या आवृत्तीवर केलेली आहे. दहा वर्षांपूर्वीची ‘गार्बेज’ आज सहज चालू शकते आणि उलटही घडू शकते. महाराष्ट्रातल्या स्थानिक सॉफ्टवेअरची नोंद तिथे सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यांची चाचणी आपणच करायची असते. त्यासाठी शक्य असेल तर जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी, नव्या लहान एसएसडीवर लिनक्स बसवावे आणि दोन-तीन आठवडे खरे काम करून मगच जुन्या डिस्कचा निर्णय घ्यावा.

वाइन बसवणे

लिनक्स मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून ‘वाइन’ शोधले की ‘वाइन-इन्स्टॉलर’ नावाचे पॅकेज मिळते. ते बसवले की आवश्यक भाग आपोआप येतात. उबुंटूमध्ये जुन्या 32 बिट सॉफ्टवेअरसाठी आधी आय-386 ही रचना प्रणालीत जोडावी लागते. त्यासाठीची आज्ञा ‘सुडो डीपीकेजी --अॅड-आर्किटेक्चर आय386’ अशी आहे. (‘सुडो’ म्हणजे ती आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे.) तिच्यानंतर ‘सुडो एपीटी अपडेट’ द्यावी आणि मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल वाइन वाइन32:आय386’. ही पायरी गाळू नये. 2010 च्या आधीचे जवळजवळ सगळे देशी सॉफ्टवेअर 32 बिटचे असते, आणि ‘वाइन बसवले तरी काहीच उघडत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण सापडते.

लिनक्सच्या भांडारातली आवृत्ती थोडी जुनी असते. उदाहरणार्थ, उबुंटू 24.04 मध्ये वाइन 9.0 मिळते. रोजच्या कामाच्या जुन्या सॉफ्टवेअरला ती पुरते, आणि माझा सल्ला तिथूनच सुरुवात करण्याचा आहे. ती अपुरी पडली तर वाइन प्रकल्पाचे स्वतःचे भांडार जोडता येते. तिथे तीन शाखा असतात: साधारण वर्षातून एकदा येणारी स्थिर शाखा, दर दोन आठवड्यांनी येणारी विकासातली शाखा, आणि प्रयोगाधीन बदल असलेली स्टेजिंग. दुकानाच्या संगणकावर स्थिर शाखाच ठेवावी.

त्याच सोबत ‘वाइनट्रिक्स’ हे पॅकेजही बसवावे. हा सहायक प्रोग्रॅम पुढच्या सगळ्या कामांचा मुख्य दरवाजा आहे, आणि तो खिडक्यांतून चालतो.

प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र प्रीफिक्स

वाइन ज्या फोल्डरमध्ये आपले बनावट विंडोज मांडते त्याला प्रीफिक्स म्हणतात. काहीच सांगितले नाही, तर तो तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘.वाइन’ या नावाने तयार होतो. नावाच्या आधी टिंब असल्यामुळे तो लपलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच एकदम दाबले की दिसतो. त्याच्या आत ‘ड्राइव्ह_सी’ हे फोल्डर असते, त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स’, ‘विंडोज’, ‘युजर्स’ अशी ओळखीची मांडणी असते, आणि बाहेर ‘.रेग’ अशी शेपटी असलेल्या साध्या मजकूर फाइलींमध्ये रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या मांडणीची नोंदवही, साठवलेली असते.

सगळी सॉफ्टवेअर याच एका प्रीफिक्समध्ये टाकण्याचा मोह होतो आणि सुरुवातीला ते सोयीचेही वाटते. पण एका सॉफ्टवेअरसाठी केलेला बदल, समजा विंडोजची आवृत्ती एक्सपी दाखवणे किंवा एखादी डीएलएल बदलणे, दुसऱ्या चालत्या सॉफ्टवेअरला मोडतो, आणि मग दोष नेमका कुठे आहे हे शोधणे फार कठीण जाते. स्वतंत्र प्रीफिक्स असला की बिघडलेला तेवढाच पुसून पुन्हा करता येतो.

वाइनट्रिक्स उघडल्यावर ‘क्रिएट न्यू वाइनप्रीफिक्स’ हा पर्याय निवडावा. तिथे दोन गोष्टी विचारल्या जातात. पहिली रचना: सॉफ्टवेअर जुने व 32 बिटचे असेल तर 32, अन्यथा 64. वाइनच्या नव्या बांधणीत 32 बिटचा स्वतंत्र प्रीफिक्स काही वेळा बनत नाही. तसा नकार आला तर 64 निवडावे, कारण 64 बिटच्या प्रीफिक्समध्येही 32 बिटचे सॉफ्टवेअर चालते. दुसरी गोष्ट म्हणजे नाव. ते रोमन लिपीत, जागा न सोडता आणि सॉफ्टवेअर ओळखता येईल असे द्यावे. हे प्रीफिक्स होम फोल्डरमधल्या ‘.लोकल’, त्यातल्या ‘शेअर’ आणि त्यातल्या ‘वाइनप्रीफिक्सेस’ या फोल्डरमध्ये जमा होतात. पहिल्यांदा तयार होताना ‘वाइन मोनो’ बसवण्याची परवानगी मागितली जाऊ शकते. ती द्यावी, कारण डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेवर लिहिलेल्या बऱ्याच प्रोग्रॅमना तेवढे पुरते.

सॉफ्टवेअर आत आणणे

आता वाइनट्रिक्समध्ये नवा प्रीफिक्स निवडून ‘रन वाइनसीएफजी’ चालवावे. वाइनसीएफजी ही वाइनची मांडणी बदलण्याची खिडकी आहे. पहिल्या पानावर तळाशी विंडोजची आवृत्ती निवडता येते. सुरुवातीला आहे तीच राहू द्यावी आणि सेटअपने ‘या आवृत्तीवर चालणार नाही’ असे सांगितले तरच विंडोज 7 किंवा एक्सपी करावी. ‘ग्राफिक्स’ या पानावर अक्षरांचा आकार ठरवणारा डीपीआय असतो. तो मुळात 96 असतो आणि पडदा बारीक दिसत असेल तर 120 करून पाहावा. ज्या सॉफ्टवेअरच्या खिडक्या एकमेकींमागे हरवतात, त्यांच्यासाठी याच पानावरचा आभासी डेस्कटॉपचा पर्याय उपयोगी ठरतो.

त्यानंतर वाइनट्रिक्समधल्या ‘रन अॅन आर्बिट्ररी एक्झिक्युटेबल’ या पर्यायातून सेटअप फाइल दाखवावी. सेटअप सीडीवर असेल, तर सीडीतला संपूर्ण मजकूर आधी होम फोल्डरमध्ये कॉपी करून घ्यावा; जुन्या सीडी वाचताना अडखळतात आणि दोष वाइनवर येतो. मग विंडोजवर जसे पुढे-पुढे जातो तसेच जायचे असते. सेटअप पूर्ण झाले की लिनक्सच्या मेनूमध्ये वाइनच्या विभागात त्या सॉफ्टवेअरची नोंद आपोआप तयार होते, आणि त्या नोंदीत योग्य प्रीफिक्सचा पत्ता आधीच भरलेला असतो.

येथे थांबून वहीत लिहावे: प्रीफिक्सचे नाव, वाइनची आवृत्ती, रचना 32 की 64, आणि आतापर्यंत केलेले बदल. मग सॉफ्टवेअर प्रथम उघडून पाहावे. उघडण्याआधीच ‘कोणीतरी सांगितले म्हणून’ दहा घटक बसवण्याची सवय टाळावी. ज्याची गरज सिद्ध झाली तेवढेच आत घ्यावे.

देवनागरीचा प्रश्न

मराठी वाचकांच्या बाबतीत खरी परीक्षा इथे असते, आणि या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. विंडोजवरचे मराठी सॉफ्टवेअर दोन अगदी वेगळ्या जातींचे असते आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

पहिली जात युनिकोडची. यात अक्षर साठवले जाते ते ‘क’, ‘्’, ‘ष’ अशा मूळ घटकांत, आणि पडद्यावर जोडाक्षर घडवण्याचे काम प्रणाली करते. वाइनमध्ये ही सोय आहे, पण विंडोजचा मंगल हा फॉन्ट त्याच्यासोबत येत नाही, कारण तो मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा आहे. त्यामुळे सॉफ्टवेअरने मंगल मागितला आणि तो मिळाला नाही, की अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. उपाय असा: लिनक्समध्ये ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज बसवावे, म्हणजे लोहित देवनागरी हा मुक्त फॉन्ट मिळतो, लिनक्सचे फॉन्ट वाइनला आपोआप दिसतात. त्यानंतर वाइनट्रिक्समधून ‘रन रेजएडिट’ निवडावे, ‘एचकी_करंट_युजर’, ‘सॉफ्टवेअर’, ‘वाइन’, ‘फॉन्ट्स’ या क्रमाने आत जावे, तिथे ‘रिप्लेसमेंट्स’ नावाची की (नोंदींचा कप्पा) नसेल तर तयार करावी आणि तिच्यात एक स्ट्रिंग (मजकुराची नोंद) जोडावी: नाव ‘मंगल’, मूल्य ‘लोहित देवनागरी’. दोन्ही नावे रोमनमध्ये, फॉन्टच्या यादीत जशी दिसतात अगदी तशीच लिहावीत. त्यानंतर मागणी मंगलची आली तरी अक्षरे लोहितमध्ये उमटतात. तपासणीसाठी मी नेहमी ‘दऱ्याखोऱ्यांतल्या विद्यार्थ्यांच्या वर्गशिक्षिका’ असे काहीतरी टंकून पाहतो. ऱ्य, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तिन्ही जागच्या जागी बसले की काम झाले.

दुसरी जात जुन्या, युनिकोडपूर्व डीटीपी सॉफ्टवेअरची. विंडोजने भारतीय लिप्यांसाठी 8 बिटचा स्वतंत्र सांकेतिक संच, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणारा तक्ता, कधी दिलाच नाही. या भाषा तिथे फक्त युनिकोडमधूनच आल्या. त्यामुळे त्याआधीच्या कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे भरलेले स्वतःचे फॉन्ट तयार केले. संगणकाच्या दृष्टीने अशी फाइल म्हणजे विचित्र इंग्रजी मजकूरच असतो. वाइनमध्ये ही जात अनेकदा युनिकोडपेक्षा सोपी जाते, कारण जोडाक्षर घडवण्याचा प्रश्नच येत नाही. सॉफ्टवेअरसोबत आलेले टीटीएफ फॉन्ट प्रीफिक्सच्या ‘ड्राइव्ह_सी’, ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’ या फोल्डरमध्ये असल्याची खात्री करावी. सेटअपने ते ठेवले नसतील तर हाताने ठेवावेत.

मात्र या जातीचा एक छुपा शत्रू आहे. हे सॉफ्टवेअर 1252 या पाश्चात्त्य सांकेतिक संचावर चालते असे गृहीत धरूनच लिहिलेले असते, आणि वाइन आपला संच लिनक्सच्या भाषेवरून ठरवते. तुम्ही लिनक्सची भाषा मराठी ठेवली असेल, तर काही मात्रा किंवा जोडाक्षरे गायब होणे, त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे येणे असे प्रकार घडू शकतात. अशा वेळी सगळ्या संगणकाची भाषा बदलू नये. लिनक्सच्या मेनूतल्या त्या सॉफ्टवेअरच्या नोंदीवर उजवे क्लिक करून गुणधर्म उघडावेत आणि आज्ञेच्या ओळीत ‘ईएनव्ही’ या शब्दानंतर एक जागा सोडून ‘एलसी_ऑल=ईएन_यूएस.यूटीएफ-8’ एवढी भर घालावी, म्हणजे ते एकच सॉफ्टवेअर अमेरिकन इंग्रजीच्या वातावरणात उघडेल.

कळफलकाबद्दलही दोन शब्द हवेत. युनिकोड सॉफ्टवेअरमध्ये लिनक्सचाच इनस्क्रिप्ट कळफलक वापरावा. तो वाइनच्या खिडकीतही चालतो. जुन्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा कळफलक, मग तो टंकलेखन यंत्रासारखा असो की ध्वनीनुसारी, त्या सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याच प्रीफिक्समधल्या इतर विंडोज खिडक्यांमध्ये चालू शकतो. तो लिबरऑफिसमध्ये किंवा लिनक्सच्या ब्राउझरमध्ये चालणार नाही. विंडोजवर असे सॉफ्टवेअर पार्श्वभूमीला ठेवून वर्डमध्ये टंकणाऱ्यांची यामुळे निराशा होते. त्यांनी आपला लेखनाचा प्रोग्रॅमही त्याच प्रीफिक्समध्ये बसवावा, किंवा या निमित्ताने युनिकोडकडे वळावे. इनस्क्रिप्ट शिकायला घातलेला वेळ वाया गेला, असे म्हणणारे मला कोणी भेटलेले नाही.

प्रिंटर, वजनकाटा आणि डाँगल

प्रिंटरची चिंता करू नये. लिनक्समध्ये प्रिंटर एकदा नीट जोडला की वाइन तो कप्स या छपाई-व्यवस्थेतून आपोआप दाखवते. विंडोजचा ड्रायव्हर प्रीफिक्समध्ये बसवण्याचा प्रयत्न करू नये.

वजनकाटा किंवा जुने मोजमापाचे यंत्र सीरियल पोर्टवर बोलत असेल, तर तेही बहुधा जमते. उबुंटू आणि मिंटमध्ये सीरियल पोर्ट वापरण्यासाठी तुमचे नाव ‘डायलआउट’ या गटात असावे लागते; ते वापरकर्ते आणि गट यांच्या खिडकीतून जोडून, बाहेर पडून पुन्हा आत यावे. प्रीफिक्समधल्या ‘डॉसडिव्हायसेस’ या फोल्डरमध्ये कॉम1, कॉम2 असे दुवे दिसतात. यूएसबी ते सीरियल केबल बहुधा त्यांच्यापैकी शेवटच्या क्रमांकांवर सापडते, आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच क्रमांक द्यावा.

यूएसबीचे डाँगल ही मात्र बंद वाट समजावी. नकली प्रत रोखण्यासाठी दिलेल्या या कुलपाचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो. परवाना खरा असूनही सॉफ्टवेअर ‘डाँगल सापडले नाही’ म्हणत राहते, आणि त्यावर आठवडा घालवण्यात अर्थ नाही. अशा सॉफ्टवेअरसाठी व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने लिनक्सच्या आत आभासी संगणक उभा करावा, त्यात परवान्याचे विंडोज बसवावे आणि यूएसबीचे ते उपकरण आभासी संगणकाच्या हवाली करावे. त्यासाठी किमान 8 जीबी मेमरी असावी. असे जुने विंडोज इंटरनेटला मुळीच जोडू नये. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या उत्पादकाने लिनक्ससाठी सॉफ्टवेअर दिले असेल, तर ते थेट लिनक्सवर बसवावे.

चालले नाही तर

सॉफ्टवेअर क्षणभर दिसून नाहीसे झाले, तर अंदाज बांधण्याऐवजी वाइनला विचारावे. वाइनट्रिक्समधून ‘रन अ कमांडलाइन शेल’ निवडले की त्या प्रीफिक्सचे टर्मिनल उघडते. ‘सीडी’ या आज्ञेने सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये जावे आणि ‘वाइन’, एक जागा, मग ईएक्सई फाइलचे नाव, असे लिहून एंटर दाबावे. भराभर ओळी येतील. त्यांतल्या ‘फिक्समी’ने सुरू होणाऱ्या ओळींकडे दुर्लक्ष करावे, त्या चालत्या सॉफ्टवेअरमध्येही येतात. ‘ईआरआर’ने सुरू होणाऱ्या ओळी वाचाव्यात. त्यांत ‘इम्पोर्ट_डीएलएल’ आणि ‘नॉट फाउंड’ असे शब्द असतील, तर मधे दिलेले नाव म्हणजे न सापडलेली डीएलएल.

नावावरून पुढचा उपाय कळतो. ‘एमएसव्हीसीपी’ने सुरू होणारी डीएलएल असेल, तर व्हिज्युअल सी++ चा घटक हवा आहे, ‘एमएसव्हीबीव्हीएम60’ असेल, तर सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये लिहिलेले आहे, आणि आपल्याकडची कितीतरी बिलिंगची सॉफ्टवेअर त्यातलीच असतात. ‘एमएफसी42’ असेल, तर जुना एमएफसी घटक. हे सगळे वाइनट्रिक्समध्ये ‘इन्स्टॉल अ विंडोज डीएलएल ऑर कम्पोनंट’ या यादीत ‘व्हीसीरन’, ‘व्हीबी6रन’, ‘एमएफसी42’ अशा नावांनी मिळतात. एका वेळी एकच घटक बसवावा, सॉफ्टवेअर पुन्हा उघडून पाहावे आणि वहीत नोंद करावी. इंटरनेटवर सुट्या डीएलएल वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून फाइल कधीही घेऊ नये. डॉटनेट 4.8 बसवायला बराच वेळ लागतो आणि मध्येच सगळे थांबल्यासारखे दिसते. घाई करून ते बंद करू नये.

सॉफ्टवेअर गोठले आणि खिडकी बंद होईना, तर त्याच टर्मिनलमध्ये ‘वाइनसर्व्हर -के’ ही आज्ञा त्या प्रीफिक्समधले सगळे काही बंद करते. जतन न केलेले काम त्यात जाते, एवढे ध्यानात ठेवावे. आणि चार-पाच बदल करूनही गुंता वाढतच असेल, तर तो प्रीफिक्स पुसून वहीतल्या नोंदींनुसार पहिल्यापासून करावा; अर्ध्या तासात होणारे हे काम टाळण्यासाठी लोक दोन दिवस खर्च करतात.

खेळांची वाट वेगळी आहे. व्हॉल्व्ह या कंपनीने ऑगस्ट 2018 मध्ये वाइनवर आधारलेले प्रोटॉन हे साधन स्टीम या आपल्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आणले, आणि स्टीमवरच्या खेळांसाठी वरच्या पायऱ्यांची गरज सहसा पडत नाही. गाभ्यात बसणारी फसवणूकविरोधी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळ मात्र तिथेही चालत नाहीत.

दोन धोके

वाइन कधीही ‘सुडो’ लावून चालवू नये. सामान्य वापरकर्ता म्हणून चालवले, तर विंडोजच्या विषाणूचा हात तुमच्या होम फोल्डरपर्यंतच पोहोचतो. सुडोने चालवले तर संपूर्ण संगणक त्याच्या स्वाधीन होतो. आणि होम फोल्डरपर्यंतचा हात काही कमी नाही. वाइन ‘झेड’ या ड्राइव्हखाली तुमचे सगळे लिनक्स सॉफ्टवेअरला दाखवते, त्यामुळे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम वाइनमध्ये चालला, तर तुमची खरी कागदपत्रे तो कुलूपबंद करू शकतो. ज्याच्या उगमाबद्दल खात्री नाही, अशी ईएक्सई फाइल ‘लिनक्सला विषाणू लागत नाही’ या समजावर उघडू नये. अधिक काळजी घ्यायची असेल, तर वाइनसीएफजीच्या ‘ड्राइव्हज’ या पानावरून झेड काढून टाकावा आणि कामाच्या एकाच फोल्डरला वेगळे अक्षर द्यावे.

बॅकअप

सगळे सुरळीत झाले की त्याच दिवशी प्रीफिक्सची प्रत काढावी. सॉफ्टवेअर बंद करून प्रीफिक्सच्या फोल्डरवर उजवे क्लिक करावे आणि ‘टार.जीझेड’ स्वरूपातली संकुचित फाइल तयार करावी. झिप वापरू नये, कारण प्रीफिक्समध्ये लिनक्सचे दुवे असतात आणि ते टारमध्ये नीट टिकतात. ही एक फाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवली, तर दुसऱ्या लिनक्स संगणकावर त्याच वाइन आवृत्तीसह आणि शक्यतो त्याच वापरकर्ता-नावाखाली ती उघडून सॉफ्टवेअर पुन्हा उभे करता येते.

पण या प्रतीत तुमचे काम असेलच असे नाही. प्रीफिक्समधले ‘माय डॉक्युमेंट्स’ हे मुळात फोल्डर नसून तुमच्या लिनक्समधल्या ‘डॉक्युमेंट्स’कडे नेणारा दुवा असते, तिथे जतन केलेल्या फाइली प्रीफिक्सच्या बाहेर असतात आणि त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. उलट, जी सॉफ्टवेअर आपली माहिती थेट ‘सी’ ड्राइव्हवरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात, आणि बिलिंगची बहुतेक सॉफ्टवेअर तसेच करतात, त्यांची माहिती प्रीफिक्सच्या पोटात असते. असा प्रीफिक्स पुसला की वर्षाची बिलेही त्याच्यासोबत जातात. म्हणून प्रीफिक्स पुसण्यापूर्वी ‘ड्राइव्ह_सी’ उघडून त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधल्या फाइलींच्या तारखा पाहाव्यात. आजची किंवा कालची तारीख असलेल्या फाइली आधी बाहेर काढाव्यात, त्या दुसऱ्या ठिकाणी उघडतात की नाही ते तपासावे आणि त्यानंतरच ते फोल्डर काढून टाकावे.